परदेशी विद्यापीठाची वाट वडगावच्या कचेरीवरून जाते

मळवली स्टेशनवर उतरून लेण्यांची वाट विचारणारा परदेशी पाहुणा भाज्याला नवा नाही. भाज्यातून, कार्ल्यातून, शेजारच्या पाटण-देवल्यातून परदेशी विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींचंही आता फारसं नवल राहिलेलं नाही. पण घरातलं पहिलंच कुणी बाहेर निघालं असेल, तर सगळ्यांचं लक्ष लागतं ते इंग्रजीच्या परीक्षेकडे आणि व्हिसाकडे. अर्ज अडतो तो त्याच्या बराच आधी, आणि अडतो इथंच. शाळेच्या दाखल्यावर, वडगाव मावळच्या तहसील कचेरीत, शिवाजीनगरच्या बोर्डात, गणेशखिंडीतल्या विद्यापीठात. तिकडचे लोक तुम्हाला ओळखत नाहीत, त्यांच्यासमोर फक्त कागद असतात. ते सगळे कागद एकाच माणसाचे आहेत हे त्यांना दिसलं पाहिजे. ही पहिली अट कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

म्हणून सुरुवात नावापासून करा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधार कार्डावर स्वतःचं नाव पहिलं. पासपोर्टात रकाने दोनच, एक आडनावाचा आणि एक बाकीच्या नावाचा. त्या दुसऱ्यात तुमचं आणि वडिलांचं नाव शेजारी शेजारी बसतं. हा क्रम मागेपुढे झाला म्हणून सहसा कुणाचं काही अडत नाही, भारतीय अर्ज पाहणाऱ्यांना त्याची सवय असते. अडतं ते स्पेलिंगवर. वडिलांचं नाव ज्ञानेश्वर असेल तर इंग्रजीत ते दहावीला ‘डी-एन-वाय’ने सुरू झालेलं, आधारवर ‘जी-वाय’ने, आणि बँकेच्या पासबुकात मधला एखादा ‘ए’ गायब. हृषीकेश, वैष्णवी, ऐश्वर्या यांची तीच गत.

एका संध्याकाळी घरातले सगळे कागद चटईवर मांडा. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॉलेजच्या प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, आधार, पॅन, पासबुक. प्रत्येकावरचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर वहीत उतरवून घ्या. फरक दिसला की दहावीची गुणपत्रिका मूळ धरा, कारण बदलायला सगळ्यात अवघड तीच. बाकीचे कागद तिच्याप्रमाणे करून घ्यायचे. गुणपत्रिकाच चुकली असेल तर शाळेत जाऊन आधी जनरल रजिस्टर पाहा. रजिस्टरमध्ये नाव बरोबर आणि गुणपत्रिकेवर चुकीचं असेल, तर मुख्याध्यापकांमार्फत बोर्डाच्या पुणे विभागीय कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज जातो. रजिस्टरमध्येच चूक असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागतं आणि ते काम लांबतं. तेव्हा ते कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातच हाती घ्या. नावच बदललं असेल तर शासन राजपत्रात नोंद करून घ्यावी लागते, तो अर्ज ऑनलाइन होतो. लग्न झालेल्या मुलींची पदवी माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा असतो. त्यांनी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र प्रत्येक अर्जाला जोडावं, कुणी मागितलं नाही तरी.

जाता जाता एक. ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर स्वतःचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव असं लिहायचा नियम महाराष्ट्रात लागू झाला आहे. नियम चांगलाच आहे, पण ही मुलं परदेशी अर्ज भरायला लागतील तेव्हा पासपोर्टच्या त्या दोन रकान्यांत काय काय कोंबावं लागेल याचा विचार आईवडिलांनी आत्तापासून केलेला बरा.

पासपोर्ट लवकर काढायचा तो परदेशी जायचंय म्हणून नव्हे, परीक्षेला बसायचंय म्हणून. आयईएल्टीएसला आपल्याकडे ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये आहे. घोळ होतो तो पत्त्याचा. भाज्याचा पत्ता दिला तर पोलीस पडताळणी लोणावळा ग्रामीण ठाण्याकडे, म्हणजे पुणे ग्रामीण पोलिसांकडे येते. कॉलेजसाठी तुम्ही तळेगावात किंवा चिंचवडला खोली घेऊन राहत असाल आणि तो पत्ता लिहिला, तर काम पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे जातं. घरी कुणी ना कुणी कायम असेल असा पत्ता द्या. पोलीस आले आणि दाराला कुलूप दिसलं तर फाइल तशीच पडून राहते. आणि गावाचं नाव ‘भाजे’ लिहायचं की पुरातत्त्व खात्यासारखं ‘भाजा’, हे एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

कॉलेजातून काय काय घ्यायचं

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सर्व सत्रांचे विषय, श्रेयांक आणि गुण एकत्र मांडलेला विद्यापीठाचा उतारा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात तो ऑनलाइन मागवता येतो. तो तुमच्या हातात देऊन चालतो की विद्यापीठाने थेट तिकडे पाठवायला हवा, हे आधी वाचा. अमेरिका-कॅनडासाठी पदवीचं मूल्यांकन करणारी डब्ल्यूईएस ही संस्था तो थेट विद्यापीठाकडूनच घेते. एकदा मागवतानाच दोन-तीन प्रती जास्तीच्या घ्या आणि सीलबंद पाकीट अजिबात फोडू नका. तुमची पदवी २०१४ च्या आधीची असेल तर तिच्यावर ‘पुणे विद्यापीठ’ असेल आणि नव्या ट्रान्सक्रिप्टवर सावित्रीबाईंचं नाव. ही दोन विद्यापीठं वाटू नयेत म्हणून नामविस्ताराची एक ओळ अर्जात टाका.

माध्यमाचा दाखला, म्हणजे शिक्षण इंग्रजीतून झाल्याचं कॉलेजचं पत्र, काही ठिकाणी इंग्रजीच्या परीक्षेऐवजी चालतं. पण व्हिसावाले किंवा शिष्यवृत्तीवाले ते मानतीलच असं नाही. माझं मत विचाराल तर परीक्षा देऊन टाकावी. आयईएल्टीएसचा गुणांक दोन वर्षं चालतो. पदव्युत्तरसाठी साधारण ६.५ आणि कोणत्याही भागात ६ पेक्षा कमी नाही, अशी मागणी बऱ्याच ठिकाणी असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं घोडं वाचनात क्वचितच अडतं, ते लेखनात अडतं. शिकवणी लावायचीच तर तेवढ्यासाठी लावा. घरबसल्या देता येणाऱ्या परीक्षा पावसाळ्यात आपल्या भागात देऊ नयेत. वीज गेली की परीक्षा गेली. लोकल पकडून पुण्याच्या केंद्रावर जाणं शहाणपणाचं.

शिफारसपत्रांची एक खास अडचण लहान कॉलेजांत येते. परदेशी विद्यापीठ शिफारस करणाऱ्या प्राध्यापकांना ईमेलवर लिंक पाठवतं आणि तो पत्ता कॉलेजचा असावा अशी अपेक्षा धरतं. आपल्याकडे निम्मे सर जीमेलवर असतात. कॉलेजचा ईमेल नसेल तर तो चालू करून घ्यायला प्राचार्यांच्या मागे लागा. महिनाभर आधी लागा. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं सर म्हणाले तर नाही म्हणू नका, पण मसुद्याऐवजी त्यांच्या हातात तुमच्या प्रकल्पाची, त्यांच्या विषयातल्या गुणांची आणि वर्गातल्या एखाद्या प्रसंगाची टिपणं द्या. सगळ्या पत्रांची भाषा एकच दिसली की वाचणाऱ्याला हात एकच आहे हे लगेच कळतं.

तीन वर्षांच्या पदवीचा प्रश्न बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्यांना पडतो. ब्रिटनमध्ये ती चालते. अमेरिकेतली काही विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, म्हणजे बारावीनंतर चार. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण आलं, त्यात चौथ्या ऑनर्स वर्षाची सोय आहे. अमेरिकेचा विचार पक्का असेल तर ते वर्ष वाया जात नाही.

देश निवडताना

मावळातल्या मध्यमवर्गीय घराला परवडेल असा देश कोणता, या प्रश्नाला मी जर्मनी म्हणेन. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. पण फुकट म्हणजे सोपं नव्हे. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तुमच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत याची ती पडताळणी. फी १८,००० रुपये. नाव-स्पेलिंगचा घोळ इथं हमखास उघडा पडतो. हिवाळी सत्राच्या अर्जांची शेवटची तारीख बऱ्याच ठिकाणी १५ जुलै, कुठे कुठे त्याच्याही कितीतरी आधी, आणि एपीएस हातात नसेल तर अर्जच पुरा होत नाही.

जर्मन विद्यापीठं आपले गुण त्यांच्या मापात बदलून घेतात. त्यांच्याकडे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. हिशेब घरी करता येतो: कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. दहाच्या श्रेणीत पास व्हायला ४ लागत असतील आणि तुमचा सीजीपीए ७.६ असेल, तर २.४ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.२. अनेक अभ्यासक्रम २.५ वर रेघ मारतात, म्हणजे आपल्या मापात ७. त्याखाली असाल तर अर्जाची फी भरण्याआधी अभ्यासक्रमाची अट नीट वाचा. खर्चासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात ठेवावे लागतात, ते तुम्हालाच महिन्यामहिन्याने परत मिळतात. हा आकडा अधूनमधून वाढतो. बारावीनंतर थेट पदवीला जायचं तर नुसती बारावी सहसा पुरत नाही. इथल्या मान्य विद्यापीठातलं एक यशस्वी वर्ष, जेईई ॲडव्हान्स्ड किंवा तिथला पूर्वतयारीचा वर्ग यांपैकी काहीतरी लागतं. जर्मन भाषा मात्र शिकाच, अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे.

ब्रिटनची पदव्युत्तर पदवी बहुधा एका वर्षाची, म्हणून कमी वेळाची आणि एकरकमी महाग. तिथली पैशाची अट आपल्या एकत्र कुटुंबांना चकवते. फी आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी, आणि ते खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचं. चुलत्यांनी किंवा मामांनी त्यांच्या खात्यातले पैसे दाखवून चालत नाही. त्यांना द्यायचेच असतील तर ते २८ दिवसांच्या आधी तुमच्या खात्यात आले पाहिजेत. आईवडिलांचं खातं दाखवताना नातं सिद्ध करायला जन्माचा दाखला लागतो. तुमच्याकडे हाताने लिहिलेला जुना मराठी दाखला असेल तर ग्रामपंचायतीतून द्विभाषिक नमुन्यातला नवा घ्या. व्हिसासाठी क्षयरोगाची तपासणीही मान्य केंद्रातूनच करावी लागते. अमेरिकेत खर्च उचलणारे काका चालतात, त्यांचं प्रतिज्ञापत्र आणि बँकेचे कागद जोडावे लागतात. कॅनडाबद्दल एवढंच, की २०२४ पासून तिथले नियम वरचेवर बदलले आहेत. मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका.

स्वतःबद्दल काय लिहायचं

उद्देशपत्र, ज्याला सगळे एसओपी म्हणतात, त्याची सुरुवात शंभरातल्या नव्वद मुलांची एकच: लहानपणापासून मला या विषयाची आवड होती. वाचणारा तिथंच कंटाळतो. मावळातल्या मुलांकडे लिहायला याहून चांगलं काही असतं, पण ते ‘गावाकडचं’ म्हणून लपवतात. भाज्याच्या चैत्यगृहातले खांब आतल्या बाजूला झुकलेले आहेत, कारण कोरणाऱ्यांनी लाकडी बांधकामाची रीत दगडात उतरवली. आणि छताच्या फासळ्यांत मूळ लाकडाचा काही भाग अजून टिकून आहे. दोन हजार वर्षांहून जुनं लाकूड, मावळच्या पावसात. रसायनशास्त्राच्या किंवा पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याने, दमटपणा मोजायचं साधं उपकरण घेऊन ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत लेण्याबाहेरच्या हवेतल्या नोंदी ठेवल्या, तर साहित्यसंवर्धनाच्या अभ्यासक्रमासाठी याहून बोलकं काय असेल? १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा लोखंडी पूल पडला. स्थापत्य शिकणाऱ्या मुलाने आपल्या रस्त्यावरच्या जुन्या साकवांची पाहणी केली असेल, तर तेच लिहावं. लोहगडाच्या पायथ्याला शनिवार-रविवारी होणारी कोंडी हा वाहतूक नियोजनाचा विषयच आहे. पण केलेलंच लिहा. न केलेल्याबद्दल मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला त त प प होतं.

कमी काय आहे तेही लपवू नका. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिलं, त्यात प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करत नसू हे त्यांनी सरळ कबूल केलं होतं आणि मग आपल्याला काय येतं ते सांगितलं होतं. प्रवेश मिळाला, १८८६ मध्ये पदवीही. एखाद्या सत्रात विषय राहिला असेल तर का राहिला आणि पुढे काय केलं, हे दोन वाक्यांत सांगून टाका. ट्रान्सक्रिप्टवर ते दिसणारच आहे. ब्रिटनमध्ये पदवीला अर्ज करणाऱ्यांसाठी २०२६ च्या प्रवेशापासून लांबलचक निबंधाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरं मागितली जातात, तेव्हा जुने नमुने उतरवून काही उपयोग नाही.

पैसा आणि सातबारा

आपल्या भागात जमिनीला भाव आहे, म्हणून घरचे म्हणतात, कर्ज मिळेलच. बँकेचं म्हणणं वेगळं पडतं. मोठ्या शैक्षणिक कर्जाला तारण लागतं आणि शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. बिगरशेती झालेला प्लॉट किंवा फ्लॅट घेतात. गावठाणातल्या घराला मालमत्ता पत्रक नसेल तर तेही बाजूला पडतं. स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाची मोजणी झाली असेल तर पत्रक आधी हाती घ्या. सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळेपासून चुलते, आत्या, त्यांच्या मुलांची नावं असतील तर प्रत्येकाची संमती लागेल. परदेशी शिक्षणाची बातमी आणि वाटणीचा विषय एकाच दिवशी घरात काढू नये हे सांगायला नकोच. कर्ज मिळालं तर एक सोय आहे, १ एप्रिल २०२५ पासून शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या फीवर बँक टीसीएस हा कर कापत नाही.

शिष्यवृत्त्या आहेत, आणि मागणाऱ्याला मिळतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडून दिली जाते. आदिवासी विकास विभाग, इतर मागास बहुजन कल्याण विभाग, मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथी, खुल्या गटासाठी तंत्रशिक्षण संचालनालय, अशा वेगवेगळ्या योजना आहेत. १८९२ मध्ये सुरू झालेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जशिष्यवृत्ती जातीच्या अटीशिवाय आहे. उत्पन्नाची मर्यादा, वय आणि जागतिक क्रमवारीतला क्रमांक या अटी बदलत राहतात, त्या वर्षीची जाहिरातच वाचा. सरकारी योजनांत बहुधा विनाअट प्रवेशपत्र मागतात. अंतिम निकाल लागायचा असेल तर विद्यापीठ सशर्त पत्र देतं आणि त्यावर अर्ज बाद होऊ शकतो. उत्पन्नाचा दाखला वडगावहून निघतो, त्यासाठी तलाठ्यांचा अहवाल लागतो; जाहिरात आल्यावर पळापळ करण्यापेक्षा तो, जातवैधता आणि अधिवास हे तिन्ही आधीच काढून ठेवा.

मधे एजंट येतो. पुण्यात डेक्कनला उतरलं की पाट्याच पाट्या. यांतले अनेक फुकट सल्ला देतात, कारण विद्यापीठ त्यांना दलाली देतं. जे विद्यापीठ देत नाही त्याचं नाव ते सहसा घेत नाहीत. जर्मनीचं सरकारी विद्यापीठ सोडून तिथलंच महागडं खासगी कॉलेज कुणी गळ्यात मारत असेल, तर कारण हे. कागदांची छाननी करून घ्यायला एजंट वापरा, निवड त्याच्यावर सोडू नका, आणि अर्जाच्या खात्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा. अपोस्टील, म्हणजे कागदांवर परदेशात चालणारा सरकारी शिक्का, करून देतो म्हणून कुणी हजारो रुपये मागितले, तर विद्यापीठाने किंवा दूतावासाने ते मागितलं आहे का हे आधी पाहा. पुष्कळदा मागितलेलं नसतं.

प्रवेश मिळाला आणि पैसे जमले नाहीत, तर तो सोडण्याआधी पुढे ढकलून मागा. शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये डॉ. आंबेडकरांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. चार वर्षांत येऊन ते पुरं करण्याची मुभा त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली आणि १९२० मध्ये ते परत गेले. आज यासाठी एक ईमेल पुरतो, पण तो अनामत रक्कम भरण्याआधी पाठवा. भरलेली अनामत कोणत्या कारणाने परत मिळते हे प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं. व्हिसा नाकारला तर बहुधा मिळते, मन बदललं तर नाही.

विमानाचं तिकीट काढल्यावर एक काम राहून जातं. तुमचं नाव सातबाऱ्यावर, घरावर किंवा कर्जाच्या कागदांवर असेल, तर आई किंवा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करून दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून जा. नंतर एका सहीसाठी तिथल्या भारतीय वकिलातीत रजा टाकून जावं लागतं, आणि तो कागद पोस्टाने भाज्याला येईपर्यंत इकडचं काम थांबून राहतं.